पहिलं नाव कोणाचं

आमचे सर लग्नपत्रिका फार सुंदर लावतेत. टोमणा म्हणून नाही सांगून राह्यली. बालाघाटातल्या कोणत्याही मराठी घरात विचारून या. लग्न ठरलं की लोक पहिले तारीख काढायले पंडिताकडे जातेत अन् मंग नावं लावायले सरायकडे. वर गणपती, त्याखाली कुलदैवत, त्याखाली 'स्व.' लावलेले आजोबा-पणजोबा, ज्यायच्या कृपाशीर्वादानं हे सगळं होऊन राह्यलं. मंग मोठे काका, मधले काका, ज्यायच्याशी बोलचाल बंद आहे ते काका, फुफाजी, मामाजी, सगळे जोडीनं, 'सौ. व श्री.' करून. कोणाले वर चढवलं तर कोण रुसन, कोण हळदीच्या दिवशी तोंड फुगवून बसन, हे त्यायले पाठ आहे. एका घरच्या पत्रिकेत त्यायनं दोन भांडलेल्या भावायची नावं अशी बसवली होती की दोघायलेही वाटलं, आपलंच वर आहे.

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यायच्याच हाताखाली शिकवते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यायच्यावर बरीच चिडणार आहे. माझ्या बाळंतपणाच्या सुट्टीसाठी ते प्राचार्यांशी भांडले होते. आषाढात माझी गाडी नाल्यात अडकली तर पँट गुडघ्यावर चढवून स्वतः ढकलायले आले होते. अडचण एवढीच की हाच माणूस आमच्या विभागातले रिसर्च पेपरही लावते. अन् पत्रिका लावते तसेच लावते.

ज्यायले ठाऊक नाही त्यायच्यासाठी सांगते. विज्ञानाच्या पेपरावर कोणाचं नाव कुठं, हा मानपानाचा प्रश्न नसते. ज्यानं काम केलं, आकडे काढले, लिहिलं, त्याचं नाव पहिलं. पुढं कोणी त्या कामाचा दाखला देते तेव्हा 'अमुक आणि इतर' असं लिहितेत. अमुक म्हणजे पहिला. मी इतके वर्ष 'इतर' आहे.

माझं काम तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं. आमच्या जिल्ह्यात धान निघालं की बांधीत तणीस पडून राह्यते अन् लोक त्याले काडी लावतेत. लालबर्र्याच्या रस्त्यानं जा त्या दिवसात, डोळे चुरचुरतेत. तेच तणीस भिजवून, गरम पाण्यातून काढून, प्लास्टिकच्या थैलीत अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, बीजासोबत थरावर थर भरलं की महिन्याभरात अळिंबी येते. अळिंबी निघाल्यावर थैलीतलं सडलेलं तणीस पुन्हा वावरात खत म्हणून जाते. याले दिल्लीकडचे लोक 'बायोइकॉनॉमी' म्हणतेत अन् त्यावर परिषदा भरवतेत. परसवाड्याकडच्या बाया याले 'थैलीचं काम' म्हणतेत.

गावात सर्व्हेले पुरुष जातेत तेव्हा अंगणातल्या खाटेवर बसतेत. घरधन्याले चार प्रश्न विचारतेत, चहा पितेत, फोटो काढतेत अन् निघतेत. थैल्या टांगल्या राह्यतेत आतल्या खोलीत, धानाच्या कोठीजवळ, अंधारात. तिथं परक्या माणसाले कोण जाऊ देईन? तिथं मी गेली. वाकून गेली, कारण दरवाजे बुटके. पुस्तकात लिहिलं आहे की आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही अळिंबी येत नाही. आमच्या बायायनं मातीच्या भिंतीच्या खोलीत गोणपाटाचे ओले बोरे टांगून भर एप्रिलात काढली. कोणत्या खोलीत आली, कोणत्या खोलीत सडली, ओल किती ठेवली, पाणी कधी मारलं, हे मी हंगामामागून हंगाम मोजत गेली. सुट्टीच्या दिवशी, बसनं, डब्बा घेऊन. घरी सासूबाई म्हणत, "हे कोणतं कॉलेज वो, जे रविवारी बी राह्यते?"

या सगळ्यात एकच गोष्ट आमच्या हातात नव्हती, ते म्हणजे बीज. ते यायचं जबलपुरातून. उन्हात बसच्या टपावर तापत तापत आलेलं बीज थैलीत भरलं की पांढऱ्या धाग्याच्या जागी हिरवी बुरशी. बाया थैल्या उचलून उकिरड्यावर टाकायच्या अन् माझ्याकडे पाह्यच्या. शिव्या देत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणायच्या, "बाई, आता पुढच्या खेपेले चांगलं आणजा." जसं काही मीच वाटेत उन्हात धरून बसली होती.

म्हणून जेव्हा सरकारच्या एका योजनेची जाहिरात आली, की ग्रामीण भागात बीज तयार करायची लहान लॅब मंजूर होईन, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. अट एकच आडवी येत होती. जो अर्ज करन त्याचं, गेल्या पाच वर्षांत, त्याच विषयावरच्या एका तरी मंजूर झालेल्या पेपरावर पहिलं नाव पाह्यजे. सरायची निवृत्ती जवळ, म्हणून ते अर्ज करू शकत नव्हते. म्हणजे उरली मी. अन् माझी नावं कुठं? तिसरी, चौथी, एका ठिकाणी तर सहावी. ज्या पेपरासाठी मी विंचू चावून घेतला त्यावर पाचवी. मी अर्ज केला नाही तर लॅब जबलपुरातच होणार होती, जिथं आधीच एक आहे. अन् आमच्या बाया पुन्हा बसच्या टपाकडे डोळे लावून बसणार.

पण या खेपेले मले वाटलं, चिंता नाही. उन्हाळी अळिंबीचा पेपर मी एकटीनं लिहिला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत. लिहिता लिहिता या विषयावरचे दुनियाभरातले दुसऱ्यायचे पेपर वाचले, अन् खरं सांगते, वाचता वाचता डोकं फिरलं. शीर्षकात बाया. 'ग्रामीण महिलांचा सहभाग', 'महिला समूहांचे योगदान'. आतल्या फोटोत बाया, वाकून काहीतरी करून राह्यल्या. अन् वर नावायच्या ओळीत? पहिले पुरुष, शेवटचे पुरुष. एखादी बाई असली तर मधात दबून, गाडीत तिसऱ्या सीटवर बसल्यासारखी. शेण, तणीस, मोहा, लाख, चूल, हे सगळं बाई हाताळते, अन् त्यावर विद्वान कोण होते ते पाहा. मी मनात म्हटलं, होऊ द्या, आपला एक तरी पेपर याले अपवाद राहीन.

छपाईले पाठवायच्या आधी मसुदा सरायकडे नेला. नेणं भागच होतं, विभागाचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी त्यायनं परत दिला. मजकुराले हात लावला नव्हता, एका शब्दालेही नाही. फक्त नावं लावली होती.

पहिलं नाव आमच्या विभागाच्या संस्थापक प्राध्यापकांचं. ते मागच्या वर्षीच वारले.

"सर," मी म्हटलं, "हे तर गेले."

"म्हणून काय झालं? त्यायनं विभाग काढला नसता तर तुमी-आमी कुठं राह्यलो असतो?"

"पण त्यायनं आयुष्यात कधी अळिंबी पाह्यली नाही. ते शेवाळावर काम करायचे."

"मॅडम, घरात कार्य निघालं अन् वडिलांचं नाव वर नाही, असं आपल्यात होते का कधी?"

मेल्या म्हशीले मणभर दूध म्हणतेत ते हेच. दुसरं नाव सरायचं. तिसरं आमच्या विभागातल्या नव्या तरुण प्राध्यापकाचं, जो परसवाड्याले एकदाच आला होता अन् गाडीतून उतरला नव्हता, कारण कुत्रं होतं. "त्याचं करिअर सुरू होऊन राह्यलं, त्याले घर चालवायचं आहे," सर म्हणाले. जसं काही माझ्या पगारावर आमच्या घरी गणपतीच्या आरतीचा कापूर फक्त येते. चौथी मी. माझ्या नावाआधी मात्र आठवणीनं 'सौ.' लावलं होतं. पेपरात 'सौ.' लावत नाहीत, हे सांगायचीही मले शुद्ध राह्यली नाही.

मी अटीचं सांगितलं. लॅबचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मी पत्र देतो न तसं, की सारं काम हिनंच केलं. माझ्या सहीले काही किंमत आहे का नाही?" मी म्हटलं, नाही सर, तिथं सही नाही पाहत, नाव पाह्यतेत. ते म्हणाले, "पाठवा तुमी, जबाबदारी माझी." अन् पाठवायचं काम अर्थात मलेच. आमच्या विभागात टाइप करणं, पाठवणं, पासवर्ड लक्षात ठेवणं हे बाईचं काम, जसं पाहुण्यायपुढं पाणी नेणं. मी धुसफुसत, दातओठ खात, त्यायनं लावलेल्याच क्रमानं पाठवलं. मनात म्हटलं, यांची फजिती झाली पाह्यजे.

अन् झाली. जर्नलची पद्धत अशी की पेपर मंजूर व्हायच्या आधी ज्याचं ज्याचं नाव आहे, त्या प्रत्येकाले मेल जाते: हे काम तुमचं आहे का, नावायचा हा क्रम तुम्हाले मान्य आहे का, असन तर इथं दाबा. आम्ही तिघायनं दाबलं. संस्थापक प्राध्यापक काही दाबेनात. जर्नलवाले आठवण देऊन राह्यले, पुन्हा आठवण, पुन्हा आठवण. तिकडे अर्जाची तारीख जवळ येऊन राह्यली.

मी सरायच्या केबिनमध्ये गेली. "सर, आता?"

त्यायनं शांतपणे सांगितलं, "त्यायचा मुलगा नागपुरात राह्यते. मेल तोच पाह्यते. त्याले फोन करतो, तो दाबून देईन."

मले हसावं का रडावं समजेना. "सर, गेलेल्या माणसानं होकार दिला, असं विज्ञानात लिहायचं? अन् उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारते? श्राद्धाचं पान कोण खाते ते कोणी पाहायले जाते का?"

मी तिथून उठली अन् जर्नलले सरळ लिहिलं की पहिले लेखक हयात नाहीत. त्यायचं उत्तर आलं: ज्यायनं कामात भाग घेतला नाही त्यायचं नाव काढा, नवा क्रम कळवा, उरलेल्या सगळ्यायचा होकार पुन्हा पाह्यजे, अन् सोमवारपर्यंत पाह्यजे. तोच सोमवार अर्जाचाही शेवटचा.

मले वाटलं, सुटली. वरची जागा खाली झाली. पण सरायच्या मनात जागा खाली होत नसते, लोक वर सरकतेत. त्यायनं पेन्सिलनं बाण काढले. दोनचा एक, तीनचा दोन, चारचा तीन. "झालं," म्हणाले. अन् मंग जरा थांबून, आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, मी रिटायर होऊन राह्यलो. एक चांगला पेपर माझ्या नावानं राह्यला तर तुमाले काय जड आहे?"

हे त्यायनं इतकं खरं बोलून टाकलं की माझा राग क्षणभर उतरला. मंग माझ्या डोळ्यापुढं उकिरड्यावरच्या हिरव्या थैल्या आल्या. मी म्हटलं, "जड आहे सर. फार जड आहे. मी हा क्रम पाठवणार नाही." अन् घरी येऊन नवा क्रम टाकला: पहिली मी, दुसरे सर, तिसरा तो तरुण. तिघायले मेल गेली. तरुणानं लगेच दाबलं अन् मले फोनवर म्हणाला, "मॅडम, मेरेको क्या, कहीं भी डाल दो." त्याले खरंच काही नव्हतं. त्याची पाळी कुठं जाते? चालत येईन.

सरायनं दाबलं नाही. आता लोकायले हे सांगितलं की म्हणतेत, सरायचा पासवर्ड तुह्याजवळच होता न, दाबून टाकायचं होतं. हौ, होता. पण माझंच नाव मी चोरावाणी लावू? वा रे वा.

रविवारी दुपारी दारावर बेल वाजली. सर अन् काकू. काकू म्हणजे सरायच्या पत्नी. बोलायले कमी, चालायले हळू, हातात स्टीलचा डब्बा. मी दार उघडलं तर सर माझ्या खांद्यावरून आत पाहत म्हणाले, "जावईबापू आहेत का घरी?"

मी तेव्हाच समजली. माझ्याशी बोलणं संपलं होतं. आता माझ्याबद्दल बोलणं होणार होतं.

आमचे हे, म्हणजे सरायचे 'जावईबापू', सिंचाई विभागात आहेत. टीव्हीसमोर बनियनवर बसले होते. धावत शर्ट घालून आले. सर सोफ्यावर बसले, मी चहा टाकायले स्वयंपाकघरात. तिथून सगळं ऐकू येते, घर काही राजवाडा नाही.

"जावईबापू, तुमीच जरा समजवा. पोरगी गुणाची आहे, पण हट्टी झाली. मोठ्यायच्या नावाच्या वर आपलं नाव लावून बसली. उद्या समाजात लोक काय म्हणतीन?"

अन् आमच्या यायनं, ज्यायले पेपर म्हणजे सकाळी दारात पडते तोच ठाऊक, म्हटलं, "हौ सर, तुमी म्हणता ते बरोबरच आहे. मी समजावतो तिले. नाव काय, मागं-पुढं. घरचीच गोष्ट आहे."

चहा उतू गेला. जाऊ दिला. तशीच हातात सांडशी घेऊन बाहेर आली.

"काय समजावता तुमी मले? तणसाचं एक बोरं उचललं का तुमी? परसवाड्याची बस कुठून सुटते ते तरी ठाऊक आहे?"

"अगं, पाहुणे—"

"अन् मागच्या साली तुमच्या ऑफिसच्या सीनिऑरिटी लिस्टमध्ये तुमचं नाव एका जणाखाली गेलं तेव्हा काहून ताटावरून उठून जात होते? तेव्हा नव्हती घरचीच गोष्ट? भोपाळले वकील कोणी लावला होता?"

ह्यायचा चेहरा पडला. मले वाईट वाटलं नाही, खोटं काहून बोलू. सर म्हणाले, "पाहा, पाहा, रागात कशी बोलते." मी सांडशी टीपॉयवर ठेवली अन् त्यायच्यासमोर बसली.

"सर, तुमच्याबद्दल मले आदर आहे. पण हा पेपर काही पत्रिका नाही. माझं नाव पहिलं नाही आलं तर उद्या अर्ज होत नाही, अन् अर्ज नाही तर लॅब नाही. तुम्हाले निवृत्तीची भेट पाह्यजे तर शाल देऊ, श्रीफळ देऊ, मी स्वतः भाषण करीन. हे नका मागू. तुमचा फोन द्या इकडे."

त्यायनं दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यायले बारीक दिसत नाही. मेल काकूच वाचून दाखवते. मी जर्नलची मेल काढली, त्यायच्या डोळ्यापुढं धरली. "हे निळं बटन. याच्यावर दाबलं की झालं." त्यायनं फोन घेतला, बंद केला अन् खिशात टाकला. "पाहू," म्हणाले.

तेव्हा काकू बोलल्या. इतका वेळ त्या डब्ब्याचं झाकण उघड-बंद करून राह्यल्या होत्या. मले वाटते त्यायले खरंच भांडण मिटवायचं होतं.

"बाई, इतकं मनाले लावून घेऊ नको वो," त्या म्हणाल्या. "आता माह्यंच पाह्य. यायच्या थीसिसमधल्या साऱ्या आकृत्या मी काढल्या. पानं, मुळं, ते बारीक बारीक पेशी. मी ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालेली, अन् यायचा हात थरथरे. लग्न नवंच होतं. कंदिलाशी डोळे फोडून काढल्या. मी कधी म्हटलं का, माह्यं नाव वर लावा? मले काय फरक पडला? नाव त आलंच न आतमधी."

मले राग आवरेना, पण काकूवर कसा काढू? मी एवढंच विचारलं, "कुठं आलं काकू?"

"आलं न, आभारात. हो न जी?"

सर लगेच सरसावून बसले. हा विषय त्यायले आवडला. "आलं तर! पहिल्याच पानावर. अजून तोंडपाठ आहे मले. 'माझ्या अर्धांगिनीने दिलेल्या साथीबद्दल मी तिचा ऋणी आहे.' गाइडनं किती तारीफ केली होती त्या वाक्याची."

काकूनं विचारलं, "अन् नाव?"

"तेच तर. अर्धांगिनी."

"माह्यं नाव, जी."

"अगं, अर्धांगिनी म्हणजे तूच न! दुसरी कोण आहे?" सर हसले. आमचे हे पण हसले, सवयीनं, अन् मंग माझ्याकडे पाहून थांबले.

"अन् आकृत्यायचं? मी काढल्या, असं?"

"तसं नसते लिहीत गं," सर म्हणाले. "थीसिस ज्याचा, आकृत्या त्याच्या."

काकूनं डब्ब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. मंग कोणाकडेही न पाहता, अगदी साध्या आवाजात बोलल्या, "मी त माहेरी सांगतलं होतं, पुस्तकात माह्यं नाव छापलं म्हणून. माह्या बाबानं पूर्ण मोहल्ल्याले पेढे वाटले होते."

सरायनं घसा खाकरला. "तू कधी म्हटलं नाही," ते म्हणाले. "उघडून पाह्यलं असतं तर दिसलं असतं."

"इंग्रजीत होतं न ते, अन् तवा मले इंग्रजी वाचता येत नव्हतं," काकू म्हणाल्या. "अन् मले वाटे, तुमी लिहिलं असनच."

मी उठून उतू गेलेला चहा पुसायले गेली. फडक्यानं ओटा घासत होती, घासतच होती. इतके वर्ष मले वाटे, माझ्यावर अन्याय होते. निदान मले ठाऊक तरी होतं. ही बाई ज्या नावाच्या भरवशावर एक पूर्ण संसार 'मले काय फरक पडला' म्हणत जगली, ते नाव तिथं नव्हतंच. अन् ज्यानं ते लिहिलं नाही त्याले तोंडपाठ होतं आपण काय लिहिलं ते. मले सरायच्या अंगावर ते फडकं फेकून मारावं वाटलं. खरंच वाटलं.

चहा न पिताच ते निघाले. जाताना सर मले काही बोलले नाहीत. ह्यायले मात्र "येतो जावईबापू" म्हणाले. काकूनं डब्बा माझ्या हातात दिला. शेवेचे लाडू होते. ह्यायनं संध्याकाळी माझ्याजवळ येऊन, "मी आपलं सरायले वाईट वाटू नये म्हणून म्हटलं," असं म्हटलं. मी म्हटलं, "हौ, मले वाईट वाटलं तर चालते, ते ठाऊक आहे मले." लाडू त्यायनंच खाल्ले.

सोमवारी मी कॉलेजात गेली नाही. लॅपटॉप उघडून बसली. अर्ज पूर्ण भरून तयार. फक्त पेपराच्या रकान्यात काय लिहू ते अडलेलं. जर्नलचं पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. माझ्या नावासमोर होकार, तरुणाच्या नावासमोर होकार, सरायच्या नावासमोर काही नाही. मनात शिव्या येऊन राह्यल्या होत्या, सगळ्यायले, स्वतःलेही. पासवर्ड आठवून राह्यला होता. सरायच्या मोठ्या नातवाचं नाव अन् त्याचं जन्मसाल. बोटं कीबोर्डवर होती, हे कबूल करते.

तेवढ्यात फोन वाजला. सरायचा नंबर. मी उचलला तर काकू.

"पाह्य बाई, आलं का तुह्याकडे?"

मी पान पुन्हा उघडलं. सरायच्या नावासमोर होकार आला होता.

"आलं काकू! आलं! सरायनं दाबलं?"

"नाही वो, मी दाबलं. यायच्या समोर बसून दाबलं. आधी मोठ्यानं वाचून दाखवलं: पहिलं नाव तुह्यं, दुसरं यायचं. म्हटलं, नाही म्हणायचं असन त आत्ता म्हणा, मंग म्हणू नका. काहीच बोलले नाहीत. मंग दाबलं."

"रागावले का?"

"नाही. चहा मांगतला."

"मंग? देला?"

"म्हटलं, दूध फ्रीजमध्ये हाय."